खंडेनवमीची जीप

मला ती जीप पळवायची होती, एवढीच ही गोष्ट. बाकी जे झालं, म्हणजे झेंडू, ऊस आणि डोक्यापासून बुटापर्यंत पांढरा झालेला एक परका साहेब, ते सगळं ह्या एका हौसेच्या नादात झालं.

कोल्हापूरहून कागलकडे जाताना हायवे सोडून थोडं आत वळलं, की उसाच्या फडांमागं आमचा रेसिंगचा ट्रॅक लागतो. तिथं पळणाऱ्या गाड्या दुसऱ्यांच्या. त्यांच्या मदतीला धावायच्या गाड्या माझ्या: एक रेस्क्यू जीप, एक ॲम्ब्युलन्स आणि पाण्याची टाकी बसवलेला एक पिकअप. माझ्या म्हणजे सांभाळायला माझ्या. कुणाची गाडी उलटली, भिंतीला धडकली किंवा पेटली, की सगळ्यात आधी जीप सुटते. तिच्यात आग विझवायचे लाल सिलिंडर, पत्रा कापायची भली मोठी कात्री, दोरखंड, ट्रॅकवर ऑइल सांडलं तर टाकायला भुशाचं पोतं आणि दोन खराटे असतात. खराट्यांना हसू नका. ती महागडी कात्री आमच्याकडं वर्षातून एखाद्या वेळी बाहेर निघते, खराटे मात्र रोज झिजतात.

उभ्या गाड्या सांभाळणं सोपं असेल असं लोकांना वाटतं. वाटू दे बापडं. बॅटरी बसल्या जागी मरते, टायर एकाच अंगावर उभे राहून चपटे होतात, आणि उसातले उंदीर वायरींवर ताव मारायला बारा महिने तयार. एकदा त्यांनी ॲम्ब्युलन्सच्या सायरनची वायर कुरतडली, तर सायरन भुकेल्या रेडकासारखा ओरडायला लागला. मी बॉनेटखाली डांबराच्या गोळ्या ठेवल्या, मग तंबाखूच्या पुड्या ठेवल्या. महिन्याभरानं काका म्हणाले, "पोरी, आता ते उंदीर तंबाखूसाठीच येत्यात बघ."

काका म्हणजे जीपचे ड्रायव्हर. माझ्या नात्यातले नव्हेत, पण ट्रॅकवर सगळेच त्यांना काका म्हणतात. सगळी नोकरी त्यांनी एसटी चालवण्यात काढली आणि निवृत्त झाल्यावर आमच्या मालकांनी त्यांना इथं आणलं. एसटीत त्यांच्या हातून कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही ह्याचा त्यांना फार अभिमान, आणि तो अभिमान त्यांच्या चालवण्यात दिसायचा. रेसिंगच्या ट्रॅकवर वळण आलं की ते हॉर्न द्यायचे. सगळ्या गाड्या एकाच दिशेनं पळणाऱ्या ट्रॅकवर समोरून कोण येणार होतं, ते त्यांनाच ठाऊक. मी त्यांच्या जीपला बैलगाडी म्हणायचे, तेही तोंडावर. "बैलगाडी पोचती का न्हाय? मग झालं की," असं म्हणून ते पानाची चंची उघडायचे.

माझं म्हणाल तर मी वडिलांच्या शाहूपुरीतल्या गॅरेजमध्ये पाने उचलत मोठी झाले. हात काळे करायला मला कधी कुणी अडवलं नाही, अडवलं ते स्टिअरिंगवर बसताना. ट्रॅकवरही तेच. रोज सकाळी तिन्ही इंजिनं गरम करायची, ब्रेक, क्लच, पाणी, हवा बघायची, मग जीप शेडमधून काढून पिटजवळच्या, म्हणजे रेसच्या गाड्या थांबतात तिथल्या, तिच्या जागेवर नेऊन लावायची. संध्याकाळी परत शेडमध्ये. पहिला गिअर, दुसरा गिअर, संपलं. त्या जीपचा गिअरबॉक्स मी दोनदा उघडून बसवला होता. तिचा तिसरा गिअर मी हातात घेऊन पुसला होता, पण चालवताना एकदाही टाकला नव्हता. ह्याचा मला इतका संताप यायचा की मी तो नटांवर काढायचे. त्यामुळं आमच्या जीपचे नट कधी ढिले पडल्याचं कुणाला आठवत नाही.

दरवर्षी मोसम सुरू व्हायच्या आधी बाहेरगावाहून एक तपासनीस येतो. तो गाड्या बघतो, जीप पळवून घेतो, आणि त्याच्या फॉर्मवर एक चौकट असते तिच्यात जीपच्या ड्रायव्हरचं नाव लिहितो. एकदा लिहिलेलं नाव वर्षभर बदलत नाही. मला त्या चौकटीत माझं नाव हवं होतं. परीक्षेत पहिला नंबर, लग्नात सोन्याचा हार, असलं काही मी कधी मागितलं नाही. मला ती चौकट हवी होती.

त्या वर्षी मी मालकांना सरळ जाऊन सांगितलं, "यंदा जीपवर मी बसतो." आमच्याकडं बायकासुद्धा 'मी बसतो, मी जातो' असंच म्हणतात, त्यात काही चुकीचं नाही. मालक म्हणाले, "काकांस्नी विचार. त्यांनी हो म्हटलं तर माझं काय जातंय?" मी काकांना विचारलं. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले आणि म्हणाले, "बघू की. गडबड काय हाय तुला?" बघू की म्हणजे नाही, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही कळतं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलले, कारण मला न बोलता राहणं फार वेळ जमत नाही.

तपासनीस दसरा झाल्यावर येणार होता. म्हणून खंडेनवमीला मी पूजा दणक्यात मांडली. कोल्हापुरात त्या दिवशी ज्याच्या हाताला जे हत्यार, त्याची पूजा होते, आणि एकदा हळदकुंकू लागलं की दसरा उजाडेपर्यंत त्या हत्याराला कुणी हात लावत नाही. मी सगळे पाने रॉकेलनं धुतले, लाल कापडावर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडले, जॅकला गंध लावलं, कात्रीला हळद लावली. तिन्ही गाड्यांना झेंडूच्या जाड माळा घातल्या, चाकांखाली लिंबं ठेवली. जीपच्या बंपरला दोन्ही बाजूंना पानांसकट एकेक ऊस उभा बांधला. काका लांबून बघत होते. "काय करालाईस? जीप हाय का नवरदेव?" असं म्हणून त्यांनीच नारळ फोडला.

एकच गोष्ट उरली. जीपच्या कडेला बाहेरून लावलेला मोठा लाल सिलिंडर बोडका दिसत होता. त्याच्या मानेला एक गोल कडी असते. ती कडी ओढून पिन काढायची आणि वरची मूठ दाबायची, की पांढरी पावडर सुटते. माळ अडकवायला त्याहून सोयीची जागा अख्ख्या जीपवर नव्हती. मी माळ कडीतून ओवली, मुठीभोवती दोन वेढे दिले, आणि वाऱ्यानं सुटू नये म्हणून वर बारीक तार पिळली. मी कुठलंही काम पक्कं करते. मागं उभी राहून मी स्वतःच्या कामाकडं बघितलं आणि मला इतकं छान वाटलं की मी दोन फोटो काढले.

आम्ही चिरमुरे आणि खोबरं वाटत होतो, तेवढ्यात फाटकातून एक टॅक्सी आत आली. तिच्यातून पांढराशुभ्र शर्ट घातलेला एक उंच माणूस उतरला. हातात फॉर्म अडकवलेली पाटी, गळ्यात स्टॉपवॉच. तपासनीस! दसऱ्यानंतर त्याला दुसऱ्या गावी जायचं होतं म्हणून तो आजच उगवला होता. दक्षिणेकडचा माणूस, मराठी शून्य, हिंदी जेमतेम. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. काका मात्र ताटली घेऊन पुढं झाले, "या पावणं, पयला परसाद घ्या." साहेबांनी एका हातात चिरमुरे आणि एका हातात पाटी धरून जीपला एक प्रदक्षिणा घातली.

"ये क्या है?" त्यांनी विचारलं.

"झेंडू," मी म्हटलं.

"और ये?"

"ऊस."

"क्यों?"

मी "पूजा, पूजा" असं दोनदा म्हटलं. साहेब शांतपणे म्हणाले की गाडीवर जे काही सुटं लटकतंय ते सगळं आत्ताच्या आत्ता उतरवा, मग तपासणी सुरू करू. मी तार कापायला पक्कड उचलणार, तर काकांनी माझा हात धरला. "पुजलेल्या हत्याराला आज हात लावायचा न्हाय." मी म्हटलं, "अवो काका, साहेब खोळंबल्यात." काका म्हणाले, "साहेब वर्सातनं एकदा येतोय, खंडेनवमीबी वर्सातनं एकदाच येती." मालक दोघांच्या मध्ये उभे राहून कपाळ पुसत होते. शेवटी काकांनीच तोड काढली. "फुलं काढायला पक्कड कशाला लागती? हातानं काढतो की." आणि ते थेट त्या लाल सिलिंडरकडं गेले.

मला ओरडायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण काकांनी माळेला असा झटका दिला, जसा एसटीचं गंजलेलं दार उघडताना देत असतील. तार तुटली नाही, मी पिळलेली होती ना ती! पिन मात्र सरकन बाहेर आली. सिलिंडर कडेवरून निसटून पडायला लागला, तो पडू नये म्हणून काकांनी त्याची मूठ दोन्ही हातांनी गच्च धरली. आणि सिलिंडरच्या नळीचं तोंड नेमकं साहेबांकडं होतं.

फुस्स असा जो आवाज झाला, तो तीनचार सेकंद चालला असेल. मला तो अर्धा तास वाटला. ढग खाली बसला तेव्हा साहेब जागच्या जागी उभे होते, पाटीसकट, चिरमुऱ्यांसकट पांढरे. चष्म्याच्या मागं दोन डोळे तेवढे मिचमिचत होते. काकांच्या तोंडावरही पावडर उडाली होती, ते डोळे चोळत शिव्या देत होते. मला हसू आलं. मी ओठ दाबले, गाल आतून चावले, तरी ते नाकातून बाहेर पडलं. हे म्हणजे चौकट गेलीच, असं मनात येत होतं आणि तरी पोट धरून हसत होते.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग गळ्यातलं स्टॉपवॉच उचललं, ट्रॅकच्या सगळ्यात लांबच्या वळणाकडं बोट दाखवलं आणि बटण दाबलं. "एक्सीडेंट. उधर. गो!"

मी एकदा उसांकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं. ते म्हणाले, "असली एक्सीडेंट पूछ के आता है क्या?"

काकांना डोळे उघडता येत नव्हते. ते चाचपडत जीपच्या दाराकडं यायला लागले. मी त्यांना धरलं, दुसऱ्या बाजूला नेलं, आत ढकललं, आणि धावत येऊन स्टिअरिंगवर बसले. "काका, मी न्हेतो!" चाकांखालची चारी लिंबं एकदम फुटली. पहिला. दुसरा. आणि मग माझ्या हातानं, मी स्वतः दोनदा बसवलेला तिसरा.

काय सांगू! जीप पुढं झेपावली आणि माझं पोट मागंच राहिलं. बंपरवरचे ऊस वाऱ्यानं मागं वाकले आणि काचेवर सपासप मारायला लागले. झेंडूच्या पाकळ्या आत घुसल्या, माझ्या तोंडात गेल्या. पूजेतला अर्धा नारळ डॅशबोर्डवरून काकांच्या मांडीत पडला. त्यांना वाटलं इंजिनमधलं काहीतरी उडालं. "काय सुटलं? काय सुटलं गं?" ते ओरडले. "खोबरं हाय, धरून ठेवा!" मी ओरडले. पहिल्या वळणाला त्यांनी सवयीनं हॉर्नकडं हात नेला, तो माझ्या कोपरावर आपटला. "ब्रेक मार!" पुढच्या वळणाला म्हणाले, "न्हाय, नको मारू, पळीव!" आणि मी पळवली. इतकी वर्षं कानांनी ऐकून, हातांनी चाचपून जिला ओळखत होते, ती पायाखाली थरथरत होती आणि कुठंच काही वाजत नव्हतं. मी मोठमोठ्यानं हसत होते. मला वाटतं मी गातही होते.

लांबच्या वळणावर पोचून मी जीप आडवी उभी केली, सीटमागचा दुसरा सिलिंडर, जो नशिबानं मी सजवला नव्हता, तो उपसून, पिन काढून, नळी रोखून उभी राहिले. वायरलेसवरून साहेबांचा आवाज आला, "टाइम ओके." मी रस्त्यावर बसकण मारली.

परत आलो तेव्हा साहेबांनी तोंड धुतलं होतं, पण भुवया पांढऱ्याच होत्या. त्यांनी मला तो पिळलेल्या तारेचा तुकडा दाखवला. खरोखरची आग असती आणि मुठीला तार गुंडाळलेली असती, तर आतल्या माणसाचं काय झालं असतं, असं त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही. माझं हसू तिथल्या तिथं जिरलं. मी माफी मागितली, मनापासून मागितली, आणि त्यानंतर आजवर कुठल्याही सिलिंडरवर फूल काय, कापूसही ठेवलेला नाही. सगळे सिलिंडर त्यांच्यासमोर पुन्हा तपासून झाल्यावर त्यांनी फॉर्म पुढं ओढला.

"ड्राइवर का नाम?"

मालकांनी काकांकडं बघितलं. मी जमिनीकडं. माझ्या त्या मूर्खपणानंतर मला मागायला तोंड नव्हतं.

"हिचं लिवा," काका म्हणाले.

मी इतकी वर्षं ज्याच्यासाठी भांडले ते समोर आलं आणि मी खुळ्यासारखं म्हटलं, "न्हाय काका, तुमची जागा हाय ती." त्यांनी माझं मनगट धरून मला शेडच्या कडेला नेलं. डोळे लाल झालेले, त्यातनं अजून पाणी गळत होतं.

"दीड वरीस झालं, मला लांबचं वळान दिसत न्हाय," ते म्हणाले. "ट्रॅकवर झेंडा कुठल्या रंगाचा दावत्यात त्ये जवळ गेल्यावर कळतंय. म्हणून हळू चालवतोय. कुणाला सांगिटलं न्हाय."

मला आधी प्रचंड राग आला. "आणि मग मला का दिली न्हाईसा गाडी? काही झालं असतं म्हंजे?"

"दिली असती की. पन दिली असती तर उद्यापासनं हितं यायचं कशाला, ह्ये सांग की मला." एवढं बोलून त्यांनी तोंड दुसरीकडं फिरवलं. "मगाशी तू पळवलीस, तवा मला काय बी दिसत नव्हतं. आणि लई दिसांनी त्या वळनाचं भ्या वाटलं न्हाय."

माझा राग कुठं गेला कळलं नाही. मी रोज सकाळी त्या जीपचं ब्रेकऑइल बघत होते, हेडलाइटची काच बघत होते, आणि शेजारी उभ्या माणसाला बैलगाडी म्हणून चिडवत होते. मला फार लाज वाटली. मी रडले, तेही शेडच्या मागं नाही, सगळ्यांसमोर. साहेबांना वाटलं पावडरीमुळं. त्यांनी मला त्यांचा रुमाल दिला, आणि चौकटीत माझं नाव लिहिलं.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर दोन दिवसांनी मी काकांना स्कूटरवर बसवून राजारामपुरीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन मोसमातल्या पहिल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी ठरलं. काका वाटभर कुरकुरत होते की मी स्कूटर फार हळू चालवते.

शर्यतीच्या दिवशी सकाळी मी जीपमध्ये बसले. छातीवर नवा कोरा सीटबेल्ट, गळ्यात वायरलेस, इंजिन चालू, पाय क्लचवर. ट्रॅकवर गाड्या भणाणत होत्या. पहिली गाडी जरा घसरली आणि माझा हात गिअरवर गेला. सावरली. दुसरी वळणावर गवतात गेली, परत आली. तेव्हा मला कळलं की मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटते आहे. मी नीट ऐकलं. आज मला इथनं हालू देऊ नको, एवढंच ते होतं, परत परत. दुपार झाली, संध्याकाळ झाली, शेवटच्या गाडीला शर्यत संपल्याचा चौकड्यांचा झेंडा दाखवला गेला. माझ्या जीपचं चाक एक वीतसुद्धा फिरलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. काका होते, डोळ्याला पट्टी बांधून पडलेले.

"पळीवलीस का?"

"न्हाय," मी म्हटलं. "दिवसभर जागच्या जागी."

काका हसायला लागले, आणि मीही. मोसम जिंकल्यासारखे आम्ही दोघं हसत होतो.